सर सय्यद अहमद खान आणि विज्ञानाचे दार

इ. स. १८४८ मध्ये दिल्लीत एक छोटीशी उर्दू पुस्तिका प्रसिद्ध झाली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे नवे मत चुकीचे असून पृथ्वी आपल्या जागी स्थिर आहे, असे तिच्यात जुन्या ग्रीक व अरबी खगोलशास्त्राच्या आधारे मांडले होते. लेखक होते तिशीतील एक न्यायाधिकारी, सय्यद अहमद खान. पुढे सोळा वर्षांनी, १८६४ मध्ये, याच गृहस्थांनी गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी नावाची संस्था काढली आणि युरोपातील विज्ञान व गणिताचे ग्रंथ उर्दूत आणण्याचा उद्योग आरंभला. पृथ्वीविषयीचे आपले पूर्वीचे मत चुकीचे होते, हे तोपर्यंत त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले होते.

सर सय्यद यांच्या चरित्रात अलीगढचे महाविद्यालय, त्याच्या लाल विटांच्या इमारती आणि सरकारने दिलेले किताब यांचे वर्णन बहुधा अगोदर येते. परंतु आपल्या मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणाऱ्या घरांनी या दोन घटनांमधील सोळा वर्षांकडे आधी पाहावे. एक विद्वान माणूस छापून प्रसिद्ध केलेले मत सोडून देतो, स्वतः पुन्हा विद्यार्थी होतो आणि जे आपल्याला उशिरा उमगले ते समाजातील मुलांना वेळेवर मिळावे म्हणून उरलेले आयुष्य वेचतो. त्यांच्या कार्याचे मूळ येथे आहे.

घरातील शाळा

सय्यद अहमद यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत झाला. मोगल दरबाराची सत्ता लाल किल्ल्याच्या भिंतींपुरती उरली होती. तरीही त्यांच्या आजोळी विद्येची परंपरा जिवंत होती. आईचे वडील ख्वाजा फरीदुद्दीन अहमद हे गणित व खगोलशास्त्राचे नामांकित जाणकार होते. कलकत्त्याच्या मदरशाची व्यवस्था त्यांनी पाहिली होती आणि पुढे बादशहा अकबर दुसरा यांचे ते वजीर झाले. मामा जैनुल आबिदीन यांनाही गणिताचा व खगोलशास्त्रीय उपकरणांचा छंद होता. भाच्याने भूमितीचे आणि उपकरणे वापरण्याचे पहिले धडे त्यांच्याकडेच घेतले.

संस्कारांची खरी शाळा मात्र आई अजीजुन्निसा बेगम यांची होती. मुलाला कुरआनचे प्रारंभीचे पाठ त्यांनीच दिले. घरात येणाऱ्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा त्या गरजूंसाठी बाजूला काढून ठेवीत. सय्यद अहमद अकरा-बारा वर्षांचे असताना त्यांनी रागाच्या भरात एका वृद्ध नोकराला मारले. हे कळताच आईने मुलाला घराबाहेर काढले. मावशीने त्याला काही दिवस आपल्याकडे लपवून ठेवले. त्या नोकराची माफी मागून त्याने क्षमा केल्यावरच मुलाला घरात प्रवेश मिळाला. विद्येने माणूस मोठा होतो, परंतु दुर्बलाशी तो कसा वागतो यावरून त्या मोठेपणाची परीक्षा होते, हे त्या मुलाला कोणत्याही ग्रंथापूर्वी घरात समजले.

१८३८ मध्ये वडील मीर मुत्तकी यांचे निधन झाले. घरची स्थिती ओढग्रस्तीची झाली आणि तरुण सय्यद अहमद यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायखात्यात नोकरी धरली. आतापर्यंतचे त्यांचे शिक्षण अर्धवट व सुटे सुटे झाले होते. नोकरी सांभाळून त्यांनी ते पुन्हा सुरू केले आणि १८४१ मध्ये ते मुन्सफ झाले. १८४४ मध्ये जड वस्तू उचलण्याच्या यंत्रविद्येवरील एका जुन्या ग्रंथाचा त्यांनी उर्दू अनुवाद केला. पुढे १८४६ मध्ये आजोबांनी फारसीत लिहिलेले, विशिष्ट प्रकारच्या कंपासाच्या उपयोगावरील पुस्तकही उर्दूत आणले. १८४७ मध्ये दिल्लीच्या प्राचीन इमारतींवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ ‘आसारुस्सनादीद’ प्रकाशित झाला. कुतुबमिनारावरील उंचावरचे शिलालेख खालून वाचता येईनात, म्हणून दोन उंच बल्ल्यांमध्ये टोपलीसारखे शिंके टांगून त्यात बसून ते अक्षरे उतरवून घेत. खाली उभ्या असलेल्या मित्राच्या चेहऱ्यावरचा रंग भीतीने उडून जाई.

जो माणूस एका अक्षराच्या खात्रीसाठी मिनाराच्या उंचीवर लटकतो, त्याच्याच लेखणीतून पृथ्वी स्थिर असल्याचे प्रतिपादन कसे उतरले? उत्तर सरळ आहे. दगडावरची अक्षरे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आकाशाविषयीचे ज्ञान मात्र त्यांना जुन्या ग्रंथांतून आयते मिळाले होते आणि नवे ग्रंथ ज्या भाषेत होते, ती भाषा त्यांना येत नव्हती. बुद्धी होती, परिश्रम होते, घरात गणिताचा वारसा होता. ज्ञानापर्यंत जाणारी वाट तेवढी बंद होती. एका विद्वान घराण्यातील पुरुषाची ही अवस्था असेल, तर सामान्य घरातील मुलाची काय असेल, हा प्रश्न पुढे त्यांच्या साऱ्या कार्याचा आधार झाला.

१८५७ ची राख

१८५७ चा उठाव झाला तेव्हा ते बिजनोर येथे सदर अमीन होते. तेथील इंग्रज कुटुंबांचे प्राण त्यांनी वाचवले. दिल्लीत मात्र त्यांच्या घरावर आकाश कोसळले. जवळचे नातेवाईक मारले गेले. वृद्ध आई घोड्याची देखभाल करणाऱ्या नोकराच्या खोलीत लपून राहिली होती. अन्न म्हणून जनावरांचा दाणा आणि पाण्याचा थेंब नाही, अशा अवस्थेत ती त्यांना सापडली. मुलाने तिला मेरठला नेले, पण त्या हालांतून ती सावरली नाही आणि थोड्याच दिवसांत तिने जगाचा निरोप घेतला.

त्या काळात देश सोडून इजिप्तला निघून जावे, असा विचार त्यांच्या मनात अनेकदा आला. सरकारने निष्ठेचे बक्षीस म्हणून एका जप्त झालेल्या जहागिरीचा देकार दिला. आपल्याच बांधवाच्या उद्ध्वस्त घरावर आपले घर बांधणे त्यांना मान्य झाले नाही आणि त्यांनी ती नाकारली. अखेरीस समाज बुडत असताना स्वतःपुरता किनारा शोधणे योग्य नाही, असे ठरवून ते येथेच राहिले. १८५९ मध्ये मुरादाबादला त्यांनी एक शाळा काढली. १८६० च्या दुष्काळात त्याच शहरात भुकेल्यांना अन्न देण्याची व्यवस्था त्यांच्याकडे आली. या कामात राजा जयकिशन दास यांच्याशी त्यांची जी मैत्री जुळली, ती आयुष्यभर टिकली.

ज्ञान आपल्या भाषेत

१८६२ मध्ये त्यांची बदली गाझीपूरला झाली. तेथे उभारलेल्या शाळेची पायाभरणी राजा देवनारायण सिंह आणि मौलाना मुहम्मद फसीह या दोघांच्या हस्ते झाली. इंग्रजी, उर्दू, फारसी, अरबी आणि संस्कृत अशा पाच भाषा शिकवण्याची तिची योजना होती. याच गावी ९ जानेवारी १८६४ रोजी सायंटिफिक सोसायटीची स्थापना झाली. त्याच वर्षी त्यांच्या बदलीबरोबर संस्थाही अलीगढला आली.

तिच्यामागील विचार साधा होता. इंग्रजी शिकून मग विज्ञान शिकायचे म्हटले, तर फार थोड्यांना ते जमेल. म्हणून विज्ञानालाच लोकांच्या भाषेत आणावे. इतिहास, अर्थशास्त्र, शेती आणि गणित या विषयांवरील ग्रंथ उर्दूत आले. दिल्ली कॉलेजचे विद्यार्थी मौलवी जकाउल्लाह यांच्यासारख्या कसलेल्या गणिततज्ज्ञाचे साहाय्य या कामाला मिळाले. उपकरणांच्या आधारे भौतिक विज्ञानावर व्याख्याने होत. सुधारित पद्धतीने शेतीचे प्रयोग करून दाखवले जात. १८६६ पासून ‘अलीगढ इन्स्टिट्यूट गॅझेट’ हे पत्र निघू लागले. त्यात एका बाजूला उर्दू व दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असे. संस्थेच्या सभासदांत मुसलमान, हिंदू आणि इंग्रज तिघेही होते. सर सय्यद बनारसला गेल्यावर संस्थेची धुरा जयकिशन दास यांनी वाहिली.

१८६७ मध्ये त्यांनी आणखी धाडसी मागणी केली. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ सरकारने स्थापन करावे, असा अर्ज त्यांनी सहकाऱ्यांसह सादर केला. ती मागणी मान्य झाली नाही. पुढे त्यांचे स्वतःचे मतही बदलले. विज्ञान इतक्या वेगाने पुढे जात आहे की भाषांतरे त्याला गाठू शकणार नाहीत, म्हणून मुलांनी इंग्रजी आत्मसात करावी, या निष्कर्षावर ते आले. जकाउल्लाह मात्र मातृभाषेचा आग्रह शेवटपर्यंत धरून राहिले आणि त्यांनी गणिताची असंख्य पुस्तके उर्दूत सिद्ध केली. दोघांमध्ये कोण बरोबर होते, याचा निकाल आजही लागलेला नाही. महाराष्ट्रात दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेले मूल अकरावीच्या विज्ञान शाखेत जाते, तेव्हा माहीत असलेलीच गोष्ट अनोळखी शब्दांत ऐकून ते गोंधळते. मग पुष्कळदा त्याला स्वतःच्या बुद्धीविषयी शंका येते. दोष बुद्धीचा नसतो, मधला पूल बांधलेला नसतो. सर सय्यद आणि जकाउल्लाह हे दोघे याच पुलाचे दोन काठ बांधत होते.

विलायतेचा प्रवास

१८६९ मध्ये त्यांचे चिरंजीव सय्यद महमूद यांना इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. मुलाबरोबर वडीलही निघाले. स्वतःच्या खर्चासाठी त्यांनी घर गहाण टाकले आणि आपला ग्रंथसंग्रह विकला. बनारसहून जबलपूर, तेथून रस्त्याने नागपूर, नागपूरहून आगगाडीने मुंबई असा प्रवास करून १० एप्रिल १८६९ रोजी ते मुंबईच्या बंदरातून जहाजात बसले.

इंग्लंडमध्ये त्यांनी दोन कामे केली. सर विल्यम म्यूर यांनी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या चरित्रावर लिहिलेल्या ग्रंथातील आक्षेपांमुळे त्यांचे मन व्यथित झाले होते. लंडनच्या ग्रंथालयांत बसून त्यांनी त्याचे साधार उत्तर सिद्ध केले. पुढे हे लेखन ‘खुतबाते अहमदिया’ या नावाने प्रसिद्ध झाले. छपाईसाठी पैसे अपुरे पडले तेव्हा घरातील तांब्याची भांडीसुद्धा विकावीत, असे त्यांनी मित्राला कळवले. दुसरे काम निरीक्षणाचे. केंब्रिजसारख्या विद्यापीठांत त्यांनी पाहिले की मुले शिक्षकांच्या सान्निध्यात राहतात, एकत्र जेवतात, खेळतात, वाद घालतात आणि या सहवासातून विद्या अंगी मुरते. घरकाम करणाऱ्या मुलीलाही वाचता येते, हे पाहून ते थक्क झाले. या भारावलेल्या मनःस्थितीत त्यांनी आपल्या देशबांधवांविषयी काही कठोर शब्द लिहिले. ते अनेकांना लागले आणि त्यात अतिशयोक्ती होती, हे त्यांच्या चाहत्यांनीही नाकारू नये.

अलीगढ

परत येताच, डिसेंबर १८७० मध्ये, त्यांनी ‘तहजीबुल अखलाक’ हे नियतकालिक सुरू केले. मुसलमान मुले सरकारी शाळांपासून दूर का राहतात, याचा शोध घेण्यासाठी बनारसला एक समिती नेमली. त्यातून स्वतंत्र महाविद्यालयाची योजना आकाराला आली. २४ मे १८७५ रोजी अलीगढला शाळेचे उद्घाटन झाले. १८७६ मध्ये नोकरीतून निवृत्त होऊन ते कायमचे तेथे राहायला आले. ८ जानेवारी १८७७ रोजी मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजच्या इमारतीची कोनशिला बसवली गेली.

यानंतरची वीस वर्षे हा उतारवयातील माणूस समाजापुढे हात पसरत फिरला. नवाबांच्या ड्योढीवर गेला आणि साध्या कारकुनाच्या दारातही गेला. प्रदर्शनात पुस्तकांचे दुकान मांडून बसला. निधीसाठी रंगमंचावर उभे राहून त्याने कविता वाचल्या आणि कुलीन माणसाला हे शोभत नाही, अशी टीका ऐकून घेतली. देणगी देणाऱ्यांची नावे दगडांवर कोरून भिंतींत बसवली गेली. त्यांत हिंदू दात्यांची नावेही आहेत. महाविद्यालयाचे दार सर्व धर्मांच्या मुलांना खुले होते आणि तेथून पदवी घेणारा पहिला विद्यार्थी ईश्वरी प्रसाद हा होता. गणित शिकवण्यासाठी बंगालचे जादवचंद्र चक्रवर्ती आले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे देशभर वापरले गेले. याच महाविद्यालयात शिकलेले मेरठचे झियाउद्दीन अहमद केंब्रिजमध्ये सर आयझॅक न्यूटन यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले आणि नंतर अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पृथ्वी स्थिर मानणाऱ्या पुस्तिकेनंतर अवघ्या दोन पिढ्यांत एवढे अंतर कापले गेले.

मतभेदांचा आदब

या कार्याला विरोधही प्रखर झाला. धर्माच्या आकलनाविषयी सर सय्यद यांनी मांडलेली अनेक मते बहुसंख्य उलमांना मान्य झाली नाहीत. चमत्कार, देवदूत इत्यादी विषयांवरील त्यांची स्पष्टीकरणे आजही मान्य होण्यासारखी नाहीत, असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. त्यांच्याविरुद्ध फतवे निघाले, मक्का-मदीनेपर्यंत प्रश्न नेले गेले. परंतु येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपल्या वैयक्तिक मतांचा भार त्यांनी मुलांवर टाकला नाही. महाविद्यालयातील धर्मशिक्षणाची व्यवस्था त्यांनी इतरांच्या हाती सोपवली. नमाज व दीनी शिक्षण हा तेथील दिनक्रमाचा भाग होता. देवबंदचे मौलाना कासिम नानोतवी यांचे जावई मौलाना अब्दुल्लाह अन्सारी पुढे तेथे धर्मशिक्षणाचे प्रमुख झाले. दुसरी गोष्ट अशी की, मौलाना नानोतवी यांचा त्यांच्याशी तीव्र वैचारिक मतभेद होता. तरीही १८८० मध्ये मौलानांचे निधन झाले तेव्हा सर सय्यद यांनी आपल्या पत्रात त्यांच्या सचोटीचा व ईशभीरुतेचा मनःपूर्वक गौरव केला. एकाला दीन वाचवायचा होता, दुसऱ्याला समाजाची ऐहिक दुरवस्था दूर करायची होती, आणि दोघेही एकमेकांची तळमळ ओळखून होते.

अर्धे उघडलेले दार

चरित्र प्रामाणिक असेल तर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सर सय्यद यांची दृष्टी मुख्यतः कुलीन व मध्यम घराण्यांच्या मुलांवर होती. विणकर, कारागीर, शेतमजूर यांची मुले त्यांच्या योजनेच्या कडेला राहिली. वरचा थर शिकला की ज्ञान खाली झिरपेल, असे त्यांना वाटे. तसेच मुलांचे शिक्षण आधी, मुलींचे नंतर, असा त्यांचा क्रम होता. ज्यांना पहिले अक्षर आईने शिकवले, त्यांच्या विद्यालयात मुलीला जागा नव्हती.

ही उणीव त्यांच्याच वारसांनी ओळखली. १८९० च्या सुमारास साहबजादा आफताब अहमद खान यांनी विद्यार्थ्यांची ‘अंजुमन-उल-फर्ज’ ही संस्था उभी केली. गरीब मुलांना महाविद्यालयात शिकता यावे म्हणून विद्यार्थी सुट्टीत गावोगावी जाऊन निधी गोळा करीत. १९०६ मध्ये शेख अब्दुल्लाह आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी अलीगढला मुलींची शाळा काढली. आपल्या मुंबईत बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्येच अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली होती. राजकारणात तय्यबजी आणि सर सय्यद यांच्या वाटा भिन्न होत्या. तरीही सर सय्यद यांनी १८८६ मध्ये सुरू केलेली शैक्षणिक परिषद १९०३ मध्ये मुंबईत भरली, तेव्हा तिचे अध्यक्षपद तय्यबजींनी भूषवले.

शेवटची वर्षे दुःखाची गेली. १८९५ मध्ये महाविद्यालयाच्या निधीत एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर उघडकीस आली. ज्याने एकेक रुपया मागून आणला होता, त्याच्यासाठी हा घाव जिव्हारी होता. २७ मार्च १८९८ रोजी एका स्नेह्याच्या घरी त्यांचे निधन झाले. मागे संपत्ती उरली नव्हती. महाविद्यालयाच्या मशिदीच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. १९२० मध्ये त्या महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले.

आपल्या घरांसाठी

कुरआनच्या अवतरणाचा प्रारंभ वाचण्याच्या आदेशाने झाला आहे आणि आकाश, पृथ्वी, रात्र व दिवस यांच्या रचनेवर विचार करण्याचे आवाहन त्यात वारंवार आले आहे. हे आवाहन श्रीमंतांच्या मुलांपुरते नाही आणि केवळ मुलग्यांपुरतेही नाही. आपल्या मोहल्ल्यात गणिताची आवड असलेली एखादी मुलगी दहावीनंतर घरी बसली आहे काय? गॅरेजमध्ये कामाला लागलेल्या एखाद्या मुलाला यंत्राचे मर्म चटकन कळते, पण पॉलिटेक्निकचा अर्ज भरून देणारे कोणी नाही, असे आहे काय? शेजारच्या मुलाला विज्ञानाचे इंग्रजी शब्द समजावून सांगायला आपल्या शिकलेल्या लेकाला वा लेकीला आठवड्यातून दोन संध्याकाळी देता येतील काय? या कामांसाठी सर सय्यद होण्याची गरज नाही. अजीजुन्निसा बेगम काढून ठेवीत असत तेवढा विसावा हिस्सा पुरेसा आहे, मग तो पैशाचा असो वा वेळेचा.

अल्लाह तआला सर सय्यद यांच्या सत्कृत्यांचा स्वीकार करो, त्यांच्या चुकांना क्षमा करो आणि जे दार त्यांना अर्धेच उघडता आले, ते आपल्या प्रत्येक मुलामुलीसाठी पूर्ण उघडण्याची सद्बुद्धी व सामर्थ्य आपणास देवो. आमीन.